दोन पडदे

"दिसत नाही" ही तक्रार मोठी फसवी असते. डोळ्यांच्या डॉक्टरांना ती दिवसभर ऐकावी लागते, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यालाही. दोघांनाही तेवढ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. काय दिसत नाही? अजिबातच दिसत नाही, की पुसट दिसतं? मधलं की कडेचं? कालपर्यंत दिसत होतं का? हे सगळं विचारल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आणि ज्याला दिसत नाही त्याला एव्हाना या प्रश्नांचा कंटाळा आलेला असतो. तो म्हणतो, "जाऊ दे, चालतंय तसं."

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या बाबांचं असंच झालं. बऱ्याच नातेवाइकांनी नंतर फोनवर विचारलं, "डोळे एकदम बिघडले म्हणे?" तर नाही, डोळे बिघडले नव्हते. काय बिघडलं होतं ते फोनवर सांगायला लागलं की तिसऱ्या वाक्याला समोरून "बरं बरं, आता ठीक आहे ना?" येतं, म्हणून शेवटी लिहूनच काढते. लिनक्सवाल्या मित्रमंडळींना यातला एक भाग उपयोगी पडेल, नातेवाइकांना दुसरा. कुणी काय गाळून वाचायचं ते ज्याचं त्याने ठरवावं :-)

बाबांना दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डीजनरेशन आहे, कोरड्या प्रकारचं. वयोमानाने होतं हे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग हळूहळू निकामी होत जातो. कडेचं दिसत राहतं, त्यामुळे घरात वावरता येतं, चहा करता येतो, दारात कोण उभं आहे ते साधारण ओळखता येतं. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं पुसट होतं. आणि वाचणं म्हणजे दुसरं काय, रोखून बघणंच की. उभा जन्म वाचनात घालवलेल्या माणसाला याहून वाईट आजार शोधून सापडणार नाही.

यावर आम्ही काढलेला उपाय म्हणजे सत्तावीस इंची मॉनिटर, त्याला जोडलेला माझा जुना लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स. लॅपटॉप इतका जुना, की त्याला बाहेरचा पडदा जोडायला फक्त व्हीजीएचं निळं तोंड आहे. पण वाचायला असं लागतं तरी काय? काळ्या पार्श्वभूमीवर पिवळट पांढरी अक्षरं, एका ओळीत चार-पाच शब्द मावतील एवढी मोठी. असं करून बाबा रोज सकाळी दोन तास वाचत. वर्तमानपत्र, दासबोधाची पीडीएफ, आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदी. विश्वकोशाचं कार्यालय वाईला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे तो त्यांना घरचाच वाटतो. एका नोंदीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं चालायचं, आणि संध्याकाळी फोनवर मला त्याचं कीर्तन ऐकायला मिळायचं.

पावसाळा संपला आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन मॉनिटरवर यायला लागलं. या आजारात तिरीप फार त्रास देते. म्हणून मॉनिटर समोरच्या भिंतीला हलवला. लॅपटॉप मात्र हलवता येईना, कारण त्याची बॅटरी कधीच गेलेली, आणि इन्व्हर्टरवरचा प्लग व इंटरनेटची वायर दोन्ही जुन्या जागी. बिनतारी कीबोर्ड होताच. मग गावातून पाच मीटरची एक एक्स्टेन्शन केबल आली, ती मूळच्या दीड मीटरच्या केबलला जोडली, मॉनिटर लागला, चित्र आलं. सगळे खूश.

त्यानंतर फोनवरचं कीर्तन हळूहळू कमी झालं. आधी "आज जरा कंटाळा आला", मग "अक्षरं फुटतायत", मग काहीच नाही. आई म्हणाली, "हल्ली नुसते बसून असतात." मी दिवाळीला गेले तेव्हा बाबांनी अगदी शांतपणे सांगितलं, "आता उतरणीला लागलं बघ. भ आणि म मला सारखेच दिसतात. घ आणि ध पण. अनुस्वार तर गेलेच." बाबांचा सूर तक्रारीचा नव्हता, सामान आवरून ठेवलेल्या माणसाचा होता. मला तोच जास्त लागला.

कोरडा प्रकार कधीकधी ओल्या प्रकारात जातो, आणि मग घाई करावी लागते, इंजेक्शनं घ्यावी लागतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाहुल्या मोठ्या करून तपासलं, स्कॅन काढलं, सहा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनशेजारी धरून बघितलं आणि म्हणाले, "काही फरक नाही. होतं तसंच आहे." मग त्यांनी विचारलं, "ती चौकटी बघता का रोज?"

ही चौकट म्हणजे ॲम्सलर ग्रिड. मार्क ॲम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरं, मधोमध एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा सरळ दिसतात की वाकड्या ते स्वतःशी ताडायचं. मग दुसरा डोळा. आमच्याकडे ती फ्रिजच्या दाराला चिकटवलेली आहे. बाबा म्हणाले, "बघतो की. ती होती तशीच दिसते." हे बोलता बोलता ते स्वतःच थांबले. कागदावरची चौकट होती तशीच, आणि पडद्यावरची अक्षरं मात्र फुटलेली. मग दोष कुठल्या पडद्यात?

घरी आल्या आल्या मी मॉनिटरसमोर बसले. मला चांगलं दिसतं, तरी मलाही अक्षरं फुटलेलीच दिसली. जाडी, बसकी आणि कडेला धुरकट. आईला ती तशीच वाटत होती, कारण आई त्या पडद्याकडे कधी वाचायला म्हणून बघत नाही.

आता इथून लिनक्सवाल्यांचा भाग. बाहेरच्या पडद्याची भानगड असली की पहिल्यांदा एक्सरँडआर ही आज्ञा द्यावी आणि ती काय म्हणते ते नीट वाचावं. माझ्या मते "दिसत नाही"चे इथे चार प्रकार पडतात, आणि प्रत्येकाचा दोष वेगळ्या ठिकाणी असतो.

पहिला प्रकार, यादीत ते तोंडच नाही. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक डोळ्यांना दिसतंय, पण यादीत फक्त लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. अशा वेळी केबल हलवत बसण्यात अर्थ नाही. पुष्कळ लॅपटॉपांत ग्राफिक्सच्या दोन चिप असतात आणि बाहेरचं तोंड दुसऱ्या चिपला जोडलेलं असतं. त्या चिपचा ड्रायव्हर चढलाच नाही तर ते तोंड यादीत येणार कुठून? कर्नल नवा आला आणि बाहेरून घातलेलं मॉड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बांधलं गेलं नाही, किंवा सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल दारातच अडवलं, ही याची नेहमीची कारणं. जुन्या कर्नलवर चालू करून बघितलं की पाच मिनिटांत निवाडा होतो.

दुसरा प्रकार, तोंड आहे पण पुढे "डिसकनेक्टेड". म्हणजे ड्रायव्हर जागा आहे, पण पलीकडे कुणी असल्याची चाहूल त्याला लागलेली नाही. केबल, तोंड, मधला अडॅप्टर, मॉनिटरवर निवडलेलं इनपुट, या क्रमाने बघत जावं.

तिसरा प्रकार, "कनेक्टेड" आहे, चित्रही आहे, पण मॉनिटरला झेपतो तो आकार यादीतच नाही.

चौथा, यादी बरोबर, आकार बरोबर, आणि तरी पडदा काळा किंवा मॉनिटर कुरकुरतोय. हा वेगाचा, म्हणजे वेळापत्रकाचा दोष. त्याच्याकडे येतेच.

आमचं प्रकरण तिसरं होतं. व्हीजीए-१ कनेक्टेड, आणि खाली चारच आकार: १०२४×७६८, ८००×६००, ८४८×४८०, ६४०×४८०. ही यादी बघितली की जाणत्या माणसाच्या लगेच लक्षात येतं, की इथे ओळखपरेड झालेलीच नाही.

मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगतो. तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ साली ती ठरवली. अवघ्या १२८ बाइटांचं ओळखपत्र. सुरुवातीचे आठ बाइट ठरलेले, पत्राच्या डोक्यावर 'श्री' घालावं तसे. मग कुणी बनवला ते तीन अक्षरांत, क्रमांक, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या साली जन्मला, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, रंग कसे दाखवतो, आणि मुख्य म्हणजे काय काय दाखवू शकतो. शेवटचा बाइट हिशोबाचा. सगळ्या १२८ बाइटांची बेरीज २५६ने पूर्ण भागली गेली पाहिजे, नाहीतर पत्र वाटेत खराब झालं असं समजायचं.

व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी चित्राला लागतात त्या वेगळ्या, आणि हे ओळखपत्र जातं ते बारा आणि पंधरा नंबरच्या पिनांवरून. व्हीजीए आलं १९८७ साली, आयबीएमच्या पीएस/२ बरोबर, म्हणजे ओळखपत्राच्या कितीतरी आधी. त्यामुळे या दोन तारा नसल्या तरी चित्र बिनतक्रार येतं. काही स्वस्त केबलींत त्या घालतच नाहीत. वरून ओळखायला काही मार्ग नसतो. बरं, नऊ नंबरची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते आणि त्याने काही बिघडत नाही. उलट बारा आणि पंधरा नंबरच्या पिना तोंडावर चकचकीत दिसतात, पण आत तार नसते.

मग मॉनिटर आहे हे तरी कॉम्प्युटरला कळतं कसं? तेही मजेशीर आहे. मॉनिटरच्या आत रंगाच्या प्रत्येक तारेवर ७५ ओहमचा रोध असतो. ग्राफिक्स चिप तारेवर थोडा दाब देऊन बघते. पलीकडून काही भार जाणवला म्हणजे कुणीतरी आहे. कोण आहे, केवढा आहे, काय बघू शकतो, हे मात्र ठाऊक नाही. अशा वेळी लिनक्सचा कर्नल सावधपणे सगळ्यांना झेपेल असं काहीतरी धरून चालतो, आणि ही मर्यादा १०२४×७६८ वर थांबते.

बाबांच्या मॉनिटरला १९२०×१०८० ठिपके. त्यावर १०२४×७६८चं चित्र ताणलं तर ते आडवं १.८७५ पट आणि उभं १.४०६ पट होतं. म्हणजे प्रत्येक अक्षर उंचीच्या मानाने तेहतीस टक्के जास्त रुंद. शिवाय पूर्ण पटीत न बसल्याने कडा धुरकट. इंग्रजी अक्षरांचं त्यात फार बिघडत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषा जाड होऊन खालच्या अक्षरावर उतरते, अनुस्वार वेलांटीला चिकटतो, आणि भ-म, घ-ध यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेषेतली ती एवढीशी फट, तीच बुजते. बाबांनी जे सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं. फक्त पडदा दुसरा होता.

खात्री करणं सोपं होतं. लॅपटॉप उचलून मॉनिटरजवळ स्टुलावर ठेवला, एक्स्टेन्शन काढली, मूळची दीड मीटरची केबल सरळ जोडली. पडदा क्षणभर काळा झाला आणि चित्र लख्ख उभं राहिलं. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरात प्रत्येक तोंडाची ईडीआयडी नावाची फाइल असते. लांब केबलीवर ती रिकामी होती, आता त्यात १२८ बाइट होते. ते उलगडून दाखवणारा ईडीआयडी-डीकोड नावाचा प्रोग्राम मिळतो, त्यात मॉनिटरचं सगळं गणगोत निघालं. साठ सेंटिमीटर रुंद, चौतीस उंच, जन्म २०१६.

बाबा मागे उभे होते. काही न बोलता पुढे आले, खुर्ची ओढली आणि समोरची ओळ वाचायला लागले. हळू वाचत होते, पण अडखळत नव्हते. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. अर्धं पान झाल्यावर बाबा म्हणाले, "अरेच्या, अनुस्वार आहेत की."

आता खरं तर नवी केबल आणली की प्रश्न मिटला. पण दिवाळीचे दिवस, दुकानं बंद. स्टुलावर लॅपटॉप ठेवायचा तर दारातून विजेची वायर जाणार, आणि आई तिच्यात पाय अडकून पडणार. तेव्हा तात्पुरता इलाज म्हणजे कॉम्प्युटरला आपणच सांगायचं, की बाबा रे, समोर १९२०×१०८० आहे.

यासाठी सीव्हीटी नावाची छोटी आज्ञा आहे. तिला रुंदी, उंची आणि सेकंदाला किती चित्रं ते सांगितलं, की ती मोडलाइन काढून देते, म्हणजे चित्र पाठवण्याचं वेळापत्रक. ते एक्सरँडआरला नवा मोड म्हणून द्यायचं, व्हीजीए-१ला जोडायचं आणि लावायचं. तिने काढून दिलेलं वेळापत्रक लावलं तर मॉनिटर म्हणाला, "आउट ऑफ रेंज." हाच तो चौथा प्रकार.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावर दिसणारे ठिपके १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. पण पाठवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी काही वेळ रिकामा जाऊ द्यावा लागतो. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ संपली की मागे यायचा, पुढची ओळ सुरू करायचा. त्या परतीच्या प्रवासासाठी ही मोकळीक. झोत गेला, नळी गेली, मोकळीक राहिली. सीव्हीटी जुन्या नळीच्या हिशोबाने भरपूर मोकळीक सोडते: ओळीत एकूण २५७६ आणि अशा ११२० ओळी. म्हणजे २८,८५,१२० ठिपक्यांचा वेळ, सेकंदाला साठ वेळा, म्हणजे १७३ मेगाहर्ट्झ. आणि आमच्या मॉनिटरच्या ओळखपत्रात स्पष्ट लिहिलेलं, जास्तीत जास्त १७० मेगाहर्ट्झ. तीन मेगाहर्ट्झसाठी दार बंद.

उत्तर त्याच ओळखपत्रात होतं. मॉनिटरला स्वतःला आवडणारं वेळापत्रक त्यात पहिल्याच नोंदीत असतं. ओळीत २२००, ओळी ११२५, सेकंदाला ६० चित्रं. २४,७५,००० गुणिले साठ, बरोबर १४८.५ मेगाहर्ट्झ. ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी पूर्ण ओळ: १४८.५०, मग १९२० २००८ २०५२ २२००, मग १०८० १०८४ १०८९ ११२५, आणि दोन्ही सिंक अधिक. फुल एचडी पडद्यांना ही सहसा चालते. सीव्हीटीला कमी मोकळीक सोडायला सांगितलं तर ती १३८.५ मेगाहर्ट्झचं वेळापत्रक देते, तेही पुष्कळांना चालतं. हे लावलं, लांब केबलीवरूनही लख्ख चित्र आलं. लॉगिनबरोबर आपोआप चालणाऱ्या फाइलीत ते घालून ठेवलं.

एक सूचना. हे जुन्या एक्सवर चालतं. हल्ली बहुतेक ठिकाणी वेलँड असतं आणि तिथे एक्सरँडआरने असा नवा मोड घुसवता येत नाही. तिथे आखूड केबलीवर मिळालेली ईडीआयडीची फाइल जपून ठेवायची आणि कर्नललाच सुरुवातीला सांगायचं, की या तोंडावर कुणी ओळख सांगितली नाही तर ही फाइल वाच.

जुन्या लोकांना आठवत असेल, एक्सफ्री८६च्या काळात हे सगळं हाताने लिहावं लागायचं. मॉनिटरच्या पुस्तिकेतून आकडे शोधा, फाइलीत घाला, आणि चुकीचे आकडे घातले तर मॉनिटर जळेल अशी ताकीद तिथेच छापलेली. २००४ साली मंडळी एक्स.ऑर्गकडे वळली, २००७ साली रँडआर १.२ आलं आणि चालू असताना पडदे जोडता-तोडता यायला लागले, २००९ साली २.६.२९ या कर्नलबरोबर मोड ठरवण्याचं काम कर्नलने स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून माणसाने सांगण्याऐवजी यंत्रच यंत्राला विचारतं. सोय झाली यात वाद नाही. पण विचारण्याची तार मध्येच तुटली, तर कुणी ओरडत नाही. चित्र येत राहतं, फक्त कमी प्रतीचं. आणि बघणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी कमी झालं.

हे मला राहून राहून डाचतं. चित्र अजिबात आलं नसतं तर बाबांनी त्याच दिवशी फोन केला असता. काळा पडदा कुणालाही कळतो. कमी प्रतीचं चित्र कळत नाही, कारण आपण लगेच त्याच्याशी जुळवून घेतो. आणि वयस्क माणूस तर आधीच समजून बसलेला असतो, की आता घसरण व्हायचीच. पुरावा समोर आला की तो तपासत नाही, मान डोलावतो. फ्रिजवरची चौकट रोज सरळ दिसत असूनही बाबांनी पडद्यावरच्या अक्षरांवर विश्वास ठेवला, कारण ती अक्षरं त्यांना अपेक्षित तेच सांगत होती.

आणि बाकीचेही तेच करतात. कर्नल जसं पलीकडून उत्तर आलं नाही की सर्वांत सुरक्षित असं थोडकं धरून चालतो, तसंच म्हाताऱ्या माणसांशी चालतं. ओळखपत्र यायचं थांबलं, की आपण आपल्या मनाने आकार ठरवतो. "त्यांना आता काय कळणार", "त्यांना कशाला त्रास". हे प्रेमानेच असतं, यात शंका नाही. १०२४×७६८ सुद्धा कर्नल भल्यासाठीच धरतो. पण त्या महिन्याभरात बाबांना आलेले फोन मी मोजले नाहीत, तरी आईच्या सांगण्यावरून कळलं, की बहुतेक बोलणं "जेवलात का, औषध घेतलंत का" एवढंच. विश्वकोशाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि बाबा सांगणं बंद झाल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दिवाळी संपल्यावर पुण्याला तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराला सांगितलं, पंधराच्या पंधरा तारा असलेली केबल हवी. तो म्हणाला, "सगळ्या तशाच असतात ताई." मल्टिमीटर नेला होता. पहिल्या केबलीवर बारा नंबरची पिन लावली, आवाज नाही. दुसरीवर बारा आणि पंधरा, दोन्हीवर पीं वाजलं. दुकानदाराने मल्टिमीटर माझ्या हातून घेतला आणि टांगलेल्या केबली स्वतःच तपासायला लागला.

नवी केबल जोडल्यावर लॉगिनच्या फाइलीतली ती ओळ मी काढून टाकली. चालत असताना का काढली, असं एका मित्राने विचारलं. कारण ती ओळ म्हणजे समोर कोण आहे ते न विचारता ठोकून दिलेलं उत्तर. उद्या मॉनिटर बदलला, मोठा आणला, तरी ती जुन्याचंच वर्णन सांगत बसेल. अडचणीच्या वेळी गृहीत धरावं लागतं. तार जोडून झाली की पुन्हा विचारायला सुरुवात करावी.

बाबांचा आजार आहे तिथेच आहे. तो बरा होणारा नाही, कधीतरी खरोखर पुढे सरकेल, तेव्हा फ्रिजवरची चौकट आधी सांगेल. सध्या सकाळचे दोन तास वाचन सुरू आहे.

असो. नातेवाइक मंडळींना एक विनंती. बाबांना फोन केलात की "आता कसं दिसतंय?" असं विचारू नका. त्याला ते "ठीक आहे" म्हणतील आणि विषय संपेल. "आज काय वाचलंत?" असं विचारा. आणि हातातली कामं उरकून मगच विचारा, कारण उत्तर लांबेल.